चिमटा जमिनीवर पडला

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आरोग्यसेविकेची नोंदवही पाहिली की मला वाल्देमार हाफकिन आठवतात. कुणाला टोचले, कुणाला राहिले, पुढे आजारी कोण पडले, याचा चोख हिशेब. (बँकेत हयात गेल्याने वह्यांचे मला जरा अधिकच प्रेम!)

ओडेसात जन्मलेले हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये प्लेगने हादरलेल्या मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई, एवढाच संसार. १० जानेवारी १८९७ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी एकाच छपराखाली ताडून पाहिले.

१९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका आला प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे चौकशीपुढे आले होते, तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. त्या मदतनिसाला हे कुणी शिकवले नसेल, पण पुरावा समोर असून न वाचणाऱ्या साहेबांचे काय?

हाफकिन मग कलकत्त्याला गेले. परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे पुन्हा त्यांच्याकडे आली नाहीत. १९२५मध्ये तिला त्यांचे नाव मात्र मिळाले.