बुधाची प्रकाशित बाजू

जोव्हान्नी स्कियापारेल्ली हे नाव सामान्य वाचकाला आठवते ते मंगळावरील कालव्यांमुळे. १८७७ साली मंगळावर दिसलेल्या रेषांसाठी या इटालियन ज्योतिर्विदाने जो शब्द योजला, त्याचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होत होता. इतरांनी त्याचे कालवे केले आणि ते खोदणारे मंगळवासीही कल्पिले. या गदारोळात त्यांचे बुधाविषयीचे कार्य झाकोळून गेले. वस्तुतः त्यांच्या गुणांची आणि त्यांच्या मर्यादांचीही खरी ओळख पटते ती तेथेच.

१८३५ साली साविल्यानो येथे जन्मलेल्या स्कियापारेल्लींनी तुरिन, बर्लिन व पुल्कोव्हो येथे विद्याभ्यास केला. १८६० मध्ये ते मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत आले आणि १८६२ पासून १९०० पर्यंत तिचे संचालक होते. उल्कावर्षावांचे धूमकेतूंशी असलेले नाते १८६६ साली दाखवून त्यांनी युरोपीय विद्वानांत मानाचे स्थान मिळविले होते.

बुध हा वेधकर्त्याला छळणारा ग्रह. तो सूर्यापासून फार दूर जात नाही. संधिप्रकाशात दिसतो तेव्हा क्षितिजालगतच्या अस्थिर हवेत त्याचे बिंब थरथरत असते. स्कियापारेल्लींनी यावर धाडसी उपाय योजला. बुध आकाशात उंच असताना, भर दिवसा, त्यांनी त्याच्याकडे दुर्बीण वळविली. १८८२ पासून सुमारे सात वर्षे त्यांनी प्रकाशित भागावरील अंधुक डागांची चित्रे काढली. डाग फिरून फिरून त्याच जागी दिसत. यावरून १८८९ साली त्यांनी निष्कर्ष काढला, की बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि तेवढ्याच काळात स्वतःभोवती एकदा फिरतो. चंद्र जसा पृथ्वीला, तसा बुध सूर्याला सदैव एकच मुख दाखवितो. म्हणजे एका बाजूला अखंड दिवस, दुसरीला अखंड रात्र.

हा सिद्धांत पाऊणशे वर्षे अबाधित राहिला. फ्रान्समधील म्यूदाँ येथे वेध घेणाऱ्या आंतोनियादींनी १९३४ साली त्याला पुष्टीच दिली. परंतु १९६५ साली पेटेंगिल व डाइस यांनी आरेसिबो येथील रडारच्या साहाय्याने बुधाची गती मोजली, तेव्हा त्याचे परिवलन सुमारे ५९ दिवसांचे निघाले. दोन प्रदक्षिणांत तीन फेऱ्या, हा त्यातील मेळ इटालियन शास्त्रज्ञ जुझेप्पे कोलंबो यांनी उलगडला. त्यामुळे बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस लागतात, आणि प्रकाश क्रमाने सर्व रेखांशांवर पोहोचतो.

मग इतक्या कुशल नेत्रांची फसगत कशी झाली? पृथ्वीवरून बुध जवळजवळ त्याच स्थितीत पुन्हा दिसतो तो सुमारे ३४८ दिवसांनी. तेवढ्या अवधीत तो स्वतःभोवती जवळपास सहा फेऱ्या पूर्ण करतो. साहजिकच अनुकूल वेळी तीच बाजू पुन्हा समोर येते. डाग खरे होते. मधल्या काळात बुध स्थिर राहिला, हे अनुमान तेवढे खोटे होते. विशेष म्हणजे १९७४-७५ मध्ये बुधाजवळून तीनदा गेलेल्या मरिनर १० यानालाही प्रत्येक वेळी तोच गोलार्ध प्रकाशित दिसला आणि निम्म्याहून कमी पृष्ठभागाची छायाचित्रे मिळाली. संपूर्ण नकाशा सिद्ध झाला तो २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानामुळे.

दृष्टी क्षीण झाल्यावर स्कियापारेल्ली प्राचीन खगोलविद्येच्या अभ्यासाकडे वळले. १९१० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रामाणिकपणाला या चुकीने बाध येत नाही. दोष असलाच तर तो नंतरच्यांचा आहे. थोर अधिकारी पुरुषाचा निर्णय हाती घेऊन त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि अपेक्षित तेच पाहिले. पुनःपुन्हा येणारा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. तो अनुभव कोणत्या मर्यादित वेळी येतो, हेही तपासावे लागते. विद्यार्थ्यांच्या हाती सिद्ध उत्तरे देताना हा प्रश्नही द्यावयास हवा.