देवल मास्तर

मराठी रंगभूमीने आपल्या माणसांना भरभरून पदव्या दिल्या. कुणी नटसम्राट, कुणी नाट्याचार्य. गोविंद बल्लाळ देवलांच्या वाट्याला मात्र एक साधेच संबोधन आले, ते म्हणजे मास्तर. शाळेच्या स्मरणिकेसाठी एखाद्या नाटककाराविषयी लिहायचे, तर या मास्तरांची निवड सगळ्यांत योग्य, असे मला वाटले. हा माणूस आधी विद्यार्थी होता, मग शिक्षक झाला आणि नाटकात शिरल्यावरही शिक्षकच राहिला.

देवलांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 चा. त्यांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपूरला गेले, म्हणजे कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर. जवळच्याच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले होते. त्यामुळे नाटक हा त्या मुलखाला परका विषय नव्हता. शिक्षणासाठी देवल बेळगावला गेले आणि तिथे त्यांना शिकवायला होते बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच पुढचे संगीत नाटकाचे अण्णासाहेब. चांगला शिक्षक वेळेवर भेटला की आयुष्याची दिशा कशी ठरून जाते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. देवलांचे तसेच झाले. पुढे त्यांनी बेळगावच्याच हायस्कुलात काही काळ शिक्षकी केली आणि पुण्याला येऊन शेतकीचा अभ्यासक्रमही केला. पण मनाची ओढ गुरूंच्या वाटेकडेच होती.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांसारख्या पंडितांनी कालिदासाचे हे नाटक त्याआधीच मराठीत आणले होते. ती भाषांतरे विद्वानांनी वाचली, शाळांतून अभ्यासली गेली. रंगमंचावर मात्र ती फारशी रुळली नाहीत. दुसरीकडे भाव्यांच्या धर्तीच्या खेळांत गाणे सूत्रधाराकडे असे आणि पात्रे आपली भाषणे बरीचशी ऐनवेळी रचत. किर्लोस्करांनी नाटकाची लेखी संहिता सिद्ध केली, गाणे पात्रांच्याच तोंडी दिले आणि चाली घेतल्या त्या लोकांच्या कानांवर आधीच असलेल्या, कीर्तनातल्या, लावणीतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची शकुंतला त्यामुळे एकाएकी घरातली वाटू लागली. जुने नाटक नव्या माणसांपुढे मांडायचे तर नुसते शब्द बदलून भागत नाही, प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले काहीतरी त्यात असावे लागते, हा धडा देवलांनी गुरूकडून घेतला.

2 नोव्हेंबर 1885 रोजी किर्लोस्कर गेले, तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. देवल त्या वेळी तिशीला टेकलेले.

देवलांच्या नावावर सात नाटके आहेत आणि त्यांतली सहा दुसऱ्यांच्या कृतींवर आधारलेली आहेत. ‘दुर्गा’ इंग्रजीवरून आले. ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे. ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’. ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. आणि ‘फाल्गुनराव’ची कुळी तर फ्रेंच मोलिएरपर्यंत जाते. स्वतंत्र म्हणावे असे एकच, ‘शारदा’. एवढ्यावरून कुणी त्यांना उसनवारीचे लेखक म्हणेल. पण ही उसनवारी त्यांनी कशी केली हे पाहिले की तो आक्षेप उरत नाही.

‘ऑथेल्लो’चेच घ्या. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 सालीच त्याचे भाषांतर केले होते. 1890 मध्ये देवलांनी तेच नाटक पुन्हा हाती घेतले आणि माणसेच मराठी करून टाकली. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली आणि इयागोचा जाधवराव. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी झुंझारराव गाजवला. त्यांच्यासमोर बसलेल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी शेक्सपिअरचे पान कधी उलटलेले नव्हते. संशयाने पोखरलेला नवरा त्यांना ओळखू येत होता, तेवढे पुरे होते.

‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक 1893 चे. मोलिएरच्या 1660 मधल्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी याने इंग्रजीत नाटक केले होते आणि ते देवलांनी घेतले. मूळ गंमत अशी की एक तसबीर भलत्याच्या हाती पडते आणि दोन जोडपी एकमेकांवर संशय घेत सुटतात. आता अडचण पाहा. इंग्रजी नाटकातली तरुणी आपल्या प्रियकराला उघडपणे भेटते, भांडते, रुसते. 1893 सालच्या मराठी घरातल्या मुलीचे लग्न तिला कळायच्या आधीच होऊन गेलेले असायचे. तिला प्रियकर कुठून आणायचा? देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केली. तिला मोकळेपणाने बोलता येते, आपला माणूस निवडता येतो आणि तरीही रीतसर लग्न करून संसार थाटण्याची तिची इच्छा आहे. या एका बदलाने मूळ कथानक मराठी जमिनीत घट्ट रुजले. शिवाय मूळच्या हलक्याफुलक्या विनोदाला एक दुखरी कडा आली, कारण रेवतीवर घेतलेला संशय हा केवळ प्रेमिकांचा रुसवा राहत नाही, तिच्या जन्मावरही त्याचे बोट जाते.

पात्रांची नावे ठेवताना मास्तरांनी पंचांगच उघडले. पुरुष सगळे महिन्यांवरून, म्हणजे फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट आणि नोकर भादव्या. बायका नक्षत्रांवरून, म्हणजे कृत्तिका, रेवती, रोहिणी. परक्या मुलखातून आलेल्या नाटकाला याहून अस्सल मराठी बारसे काय असणार!

‘मृच्छकटिक’ 1887 चे. मूळ नाटकात संस्कृतबरोबर निरनिराळ्या प्राकृत बोली आहेत, कारण त्यात राजाच्या मेहुण्यापासून चोर, जुगारी आणि गाडीवानापर्यंत सगळे शहर आहे. देवलांनी ते साध्या, घरगुती मराठीत आणले. त्यांची पदेही तशीच. चालीसाठी शब्दांची ओढाताण नाही आणि अर्थ पहिल्या ऐकण्यातच कळतो.

इतकी वर्षे दुसऱ्यांची नाटके आपली करून घेतल्यावर 1899 मध्ये त्यांनी ‘शारदा’ लिहिले. किर्लोस्कर मंडळीने त्याचा पहिला प्रयोग इंदूरला केला. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, हा विषय कुठल्या पोथीतून आलेला नव्हता. अशी लग्ने तेव्हा आजूबाजूला होत होती. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रणे माजली होती आणि त्या वादात माणसे कायमची दुरावली होती. देवलांनी व्याख्यान दिले नाही, एक मुलगी रंगमंचावर आणून उभी केली. नाटकातले लग्न अखेर मोडते ते सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे. म्हणजे ज्यांना माणुसकी अडवत नव्हती, त्यांना शास्त्राने अडवले. हा टोला समजायचा त्यांना समजला. शास्त्राचा आधार घेऊनच शास्त्राच्या ठेकेदारांना गप्प करण्याची ही युक्ती जुन्या नाटकांच्या तालमीत मुरलेल्या माणसालाच सुचावी.

पण लेखन हे देवलांचे निम्मेच काम. उरलेले निम्मे तालमीत झाले आणि ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. वाक्य कुठे तोडायचे, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, दुसरा बोलत असताना आपण काय करायचे, हे ते नटांकडून घोटून घेत. 1905 साली नारायण राजहंस नावाचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. त्या बालगंधर्वांना तालीम दिली देवल मास्तरांनी. गणपतराव बोडसांनी ‘माझी भूमिका’ या आत्मचरित्रात आपल्या घडणीचे श्रेय मास्तरांना दिले आहे.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपलेच जुने नाटक पुन्हा हाती घेतले. गद्य ‘फाल्गुनराव’ला पदे घालून गंधर्व नाटक मंडळीसाठी त्याचे ‘संशयकल्लोळ’ केले. तेवीस वर्षांत प्रेक्षक बदलला होता, त्याला गाणे हवे होते. स्वतःचे यशस्वी नाटक मोडून पुन्हा मांडायला हिंमत लागते. 14 जून 1916 रोजी मास्तर गेले. ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आले ते त्याच वर्षी ऑक्टोबरात. बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती. मास्तरांच्या दोन्ही विद्यार्थ्यांनी नाटक उचलून धरले आणि ते पाहायला मास्तर नव्हते.

शिक्षकांच्या वाट्याला बहुधा हेच येते. पेरलेले उगवते तेव्हा वर्ग सुटून कैक वर्षे झालेली असतात. आपल्या शाळेतही सुटीनंतर बाके भिंतीला सरकवून गॅदरिंगच्या तालमी व्हायच्या. मागच्या बाकापर्यंत ऐकू आले पाहिजे म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेणारे आपले सर आणि बाई त्या परंपरेतलेच. त्यांतले काही या मेळाव्याला आपल्यासमोर बसलेले असतील, काही नसतील.

आज ‘संशयकल्लोळ’ करायचे तर त्यालाही कात्री लावावी लागते. पूर्वी रात्र रात्र चालणारे संगीत नाटक आता तीन तासांत बसवतात, पदे निवडून घेतात, ‘वन्स मोअर’ आवरते ठेवतात. यावर हळहळणारी मंडळी आपल्यातही आहेत. पण देवलांचे चरित्र पाहिले की वाटते, ते अशा बदलाला आड आले नसते. त्यांनी शूद्रकाला, शेक्सपिअरला आणि मोलिएरला जे केले, तेच आज कुणी त्यांना करते आहे. त्यांनी एवढेच तपासले असते की शब्द स्वच्छ ऐकू येतो ना, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला रेवतीचे दुःख पोचते ना. पुढच्या स्नेहमेळाव्याला आपल्यापैकी कुणी फाल्गुनराव आणि कृत्तिकेचा एखादा प्रवेश बसवला, तर तालमीला बोलवा. पडदा ओढायला मी येईन.