डॉक्टर जोसेफ वॉरन

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर बॉस्टन नावाचे बंदर आहे. अठराव्या शतकात तेथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. या बंदराजवळच्या रॉक्सबरी गावी ११ जून १७४१ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी जोसेफ वॉरनचा जन्म झाला. तो चौदा वर्षांचा असताना त्याचे वडील बागेतील सफरचंदे तोडताना शिडीवरून पडून मरण पावले. तरीही त्याचे शिक्षण खंडित झाले नाही. १७५९ साली हार्वर्ड कॉलेजचा पदवीधर झाल्यावर त्याने काही काळ शाळेत शिकविले व पुढे वैद्यकीचा अभ्यास केला.

१७६४ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली. जेन्नरची लस तेव्हा निघालेली नव्हती. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसास टोचून सौम्य रोग आणावयाचा, हाच काय तो उपाय ठाऊक होता. बंदरातील एका बेटावरील किल्ल्यात अशा टोचणीची सोय केली होती. तेथे डॉक्टर वॉरन यांनी मनापासून सेवा केली आणि त्यांचे नाव शहरात सर्वतोमुखी झाले.

त्या काळी बॉस्टनमध्ये फ्रीमेसन नावाचा एक बंधुसंघ होता. गवंड्याचा गुण्या आणि ओळंबा ही या संघाची चिन्हे. भिंत जशी सरळ असावी, तसे आचरणही सरळ असावे, असा त्यांचा अर्थ. संघाच्या शाखेस लॉज म्हणत. लॉजमध्ये सभासद एकमेकांस बंधू मानीत. म्हणून पॉल रिव्हिअर हा चांदीची भांडी घडविणारा कारागीर तेथे डॉक्टरांचा बंधू होता. १७६९ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वॉरन बॉस्टन परिसरातील अशा अनेक लॉजांचे प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर झाले.

पुढे कर आणि कायदे यांवरून वसाहतीचे इंग्लंडशी वितुष्ट आले. १७७३ साली वॉरन यांची पत्नी चार लहान मुले मागे ठेवून निवर्तली. घरी हे दुःख असतानाही त्यांनी लोककार्य सोडले नाही. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज फौज काँकर्ड गावचा दारूगोळा जप्त करण्यास निघणार, हे त्यांना कळले. त्यांनी तत्काळ रिव्हिअर व विल्यम डॉज या दोघांना निरनिराळ्या वाटांनी इशारा देण्यास धाडले. दुसऱ्या दिवशी लढाईस तोंड फुटले आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.

१४ जून रोजी प्रांतिक सभेने वॉरन यांना मेजर जनरल निवडले. तीनच दिवसांनी, १७ जूनला, बॉस्टनसमोरील चार्ल्सटाउनच्या टेकडीवर लढाई जुंपली. बंकर हिलची लढाई ती हीच. वॉरन तेथे पोहोचताच सेनानींनी त्यांना सूत्रे हाती घेण्याची विनंती केली. परंतु नेमणुकीची सनद अद्याप हाती आली नव्हती, आणि तेथील सेनानींचा अनुभव अधिक होता. म्हणून वॉरन बंदूक घेऊन साध्या शिपायांच्या रांगेत उभे राहिले. शत्रूचे दोन हल्ले परतविले गेले. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी दारूगोळा संपत आला व सैन्य मागे हटू लागले. अखेरपर्यंत मोर्चा धरून राहिलेल्यांत वॉरन होते. डोक्यात गोळी लागून ते जागीच पडले. तेव्हा ते केवळ चौतीस वर्षांचे होते. टेकडी इंग्रजांना मिळाली, पण त्यांचे हजाराहून अधिक सैनिक जायबंदी वा ठार झाले.

इंग्रजांनी वॉरन यांचा देह रणभूमीवरच पुरला होता. मार्च १७७६ मध्ये इंग्रज बॉस्टन सोडून गेले, तेव्हा आप्त व मित्र त्या टेकडीवर गेले. दहा महिने मातीत राहिलेला देह ओळखावा कसा? रिव्हिअर दात बसविण्याचेही काम करीत असत. डॉक्टरांच्या जबड्यात आपण तारेने बसविलेला कृत्रिम दात त्यांना दिसला आणि खूण पटली. बंधुसंघाने आपल्या ग्रँड मास्टरांना विधिपूर्वक अखेरचा निरोप दिला.

वॉरन यांची मुले आता पोरकी झाली होती. त्यांच्या पालनपोषणासाठी पुढे १७८० साली अमेरिकेच्या काँग्रेसने साह्य मंजूर केले. १७९४ साली चार्ल्सटाउनच्या लॉजने त्याच टेकडीवर एक लाकडी स्तंभ उभारला. बंकर हिलच्या रणभूमीवरील ते पहिले स्मारक होय. सेनापती होण्याचा मान मिळूनही शिपायांच्या रांगेत लढलेल्या एका डॉक्टराच्या स्मरणार्थ ते उभारलेले होते.