पाहणी आणि नोंद : डॉ. सलीम अली

‘सुगरण’ हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. गृहकृत्यात निपुण असलेल्या स्त्रीचे नाव मराठीने या पक्ष्याला दिले. वास्तविक घरटे विणतो तो नर. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सलीम अली या पक्ष्यांच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून राहिले आणि त्यांना याहून पुढचे दिसले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर ती तेथे राहते, आणि नर जवळच दुसरे घरटे विणू लागतो, दुसऱ्या मादीसाठी. भाषेच्या अभ्यासकाला हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे होते, हे मी कबूल करतो.

सलीम अलींचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आईवडील लवकर गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. घरात शिकारीचा शौक होता. दहाएक वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणही उघडून दाखवले. पुढे ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली, तेथून ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले. परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. किहीमचा मुक्काम हा त्या बेकारीतला.

याच काळात त्यांनी कोकणातील बांडगुळाचा अभ्यास केला. शिंजीर मध पिताना त्याच्या फुलांचे परागण करतो, फुलटोच्या फळे खाऊन त्याचे चिकट बी दुसऱ्या फांदीवर पोहोचवतो. पक्षी मोजायचा तर झाडही ओळखले पाहिजे, हा धडा त्यांनी पुढे कायम जपला.

मग त्यांनी एक विलक्षण प्रस्ताव मांडला. संस्थानांनी केवळ प्रवासाचा आणि तळाचा खर्च द्यावा, पाहणी आपण विनावेतन करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर अशा अनेक संस्थानांतून ते हिंडले. आरंभीच्या मोहिमांत पत्नी तहमिना सोबत असत. कोणता पक्षी, कोणत्या उंचीवर, कोणत्या प्रकारच्या रानात, काय खाताना आढळला, वीण केव्हा, हे सारे रोजच्या रोज लिहिले जाई. १९३९ साली तहमिना वारल्या. काम थांबले नाही; १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि पुढे डिलन रिप्ली यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ.

आता भरतपूरकडे वळू. केवलादेव घना ही पाणथळ भूमी मुळात संस्थानिकांची शिकारीची जागा. १९३८ साली येथे एकाच दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर हे पाणी वळवून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत जाऊन ती जागा वाचवली. १९७६ साली मिळालेला गेटी पुरस्कारही त्यांनी सोसायटीच्या संवर्धन निधीला दिला.

परंतु चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. घनात म्हशी चरू नयेत, असे त्यांचे मत होते. १९८२ साली चराईबंदी आली. त्यावरून उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले. त्याच घनात सोसायटीच्या शास्त्रज्ञांची दीर्घ पाहणी चालू होती, सलीम अलींनी रुजवलेल्या पद्धतीनेच. २० जून १९८७ रोजी ते वारले. पाहणीचा निष्कर्ष असा निघाला : म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी घटले आणि बदकांसारख्या पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हशींचे चरणे त्या पाणथळीला आवश्यक होते. सोसायटीने हा निष्कर्ष दडवला नाही. आपल्या अहवालात तो छापला.