सर विल्यम हिलरी : वाचवणाऱ्यांच्या घरांचा कैवारी

हुबळी-धारवाडकडे कापसाचा व्यापार जुना आहे. कापसाच्या गाठीला आग लागली म्हणजे काय होते हे तिकडच्या मंडळींना सांगावे लागत नाही. वरून कितीही पाणी मारले तरी घट्ट दाबलेल्या गाठीच्या पोटात आग धुमसतच राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत असेच झाले. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा व स्फोटके होती. दुपारी कापूस पेटला. आगीचे बंब धावून आले. जवान पाणी मारीत असतानाच चारच्या सुमारास जहाज फुटले व अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिवस म्हणून पाळला जातो.

त्या ६६ जणांना आपण मानवंदना देतो, आणि ती दिलीच पाहिजे. पण मानवंदना संपल्यावर एक प्रश्न उरतो. जो दुसऱ्याला वाचवायला गेला आणि परत आला नाही, त्याच्या घरची चूल कोणी पेटवायची? हा प्रश्न मुंबईच्या स्फोटाच्या १२१ वर्षे आधी एका माणसाने मोठ्याने विचारला होता. त्याच्यासमोर आग नव्हती, समुद्र होता. त्यांचे नाव सर विल्यम हिलरी. त्यांची ओळख वाचकांना व विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांना व्हावी म्हणून हा लेख.

हिलरी यांचा जन्म १७७१ साली इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात एका क्वेकर घराण्यात झाला. तरुणपणी ते राजपुत्र ऑगस्टस फ्रेडरिक यांच्या पदरी होते व त्यांच्याबरोबर इटलीत राहिले. तेथून एका लहान उघड्या होडीतून ते सिसिली व माल्टा या बेटांकडे गेले. प्रेषित पौलाचे जहाज जेथे फुटले आणि जेथल्या रहिवाशांनी भिजलेल्या परक्यांसाठी शेकोटी पेटवली, ते मिलिता बेट म्हणजेच हे माल्टा. हिलरी तेथे गेले तेव्हा बेटावर संत योहानाच्या संघाची सत्ता होती. या संघाचा आरंभ शेकडो वर्षांपूर्वी यरुशलेमात आजारी यात्रेकरूंच्या शुश्रूषेतून झाला होता. पुढे संघातील लोक शस्त्रधारी सरदार झाले, तरी रुग्णसेवेचे नाव त्यांनी सोडले नाही. या संघाची छाप हिलरी यांच्या मनावर कायमची बसली.

इंग्लंडला परतल्यावर १८०० साली एका श्रीमंत घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला. नेपोलियन इंग्लंडवर चालून येणार अशी भीती पसरली तेव्हा त्यांनी स्वखर्चाने सुमारे १४०० माणसांची पलटण उभी केली. त्यापायी सुमारे २०,००० पौंड गेले. सरकारने १८०५ साली त्यांना बॅरोनेट हा किताब दिला. परंतु कर्जाचा डोंगर झाला होता. संसारही टिकला नाही. १८०८ साली ते पत्नी व मुलांना मागे ठेवून आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर राहायला गेले आणि पुढे त्यांनी दुसरा विवाह केला.

ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. परक्यांच्या विधवा व मुलांसाठी ज्याने पुढे आयुष्य वेचले त्याने स्वतःचे पहिले घर मात्र सांभाळले नव्हते. देव आपल्या कामासाठी निर्दोष माणसेच निवडतो असे नाही. दावीद राजाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

डग्लस या गावी हिलरी यांचे घर समुद्राच्या अगदी समोर होते. ऑक्टोबर १८२२ मध्ये ‘व्हिजिलंट’ नावाचे आरमारी जहाज वादळात डग्लसच्या खडकांवर आदळले. हिलरी यांनी गावच्या लोकांना होड्या काढायला लावल्या, स्वतः होडीत बसले आणि जहाजावरील लोकांना सोडवून आणले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘रेसहॉर्स’ हे आरमारी जहाज बेटाच्या दक्षिण टोकाला फुटले. तिथल्या माणसांनी आपल्या होड्या पुन्हा पुन्हा लाटांत घातल्या आणि बहुतेक खलाशांना किनाऱ्यावर आणले. मात्र एक होडी उलटली. त्या रात्री नऊ जण बुडाले. त्यांत तीन जण वाचवायला गेलेले स्थानिक लोक होते.

वाचलेले खलाशी आपापल्या घरी गेले. त्या तिघांच्या घरी मात्र कमावता हात उरला नाही. समुद्रकाठची माणसे गरीब. वादळात होडी घालण्याआधी त्यांच्या मनात बायकामुलांचा विचार आल्याशिवाय कसा राहील? आपण बुडालो तर मुले भीक मागतील हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा पाय किनाऱ्यावर अडखळला तर त्याला भित्रा कसे म्हणावे? हे हिलरी यांनी ओळखले. शूरांची स्तुती करून भागणार नाही. त्यांच्या पाठीमागे घर सांभाळणारे कोणीतरी आधीपासून उभे असले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

फेब्रुवारी १८२३ मध्ये त्यांनी एक पत्रक छापून राष्ट्राला आवाहन केले. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक नौका व शिकवलेली माणसे असावीत, वाचवणाऱ्यांना बक्षीस मिळावे, आणि वाचवताना जे मरतील त्यांच्या निराधार कुटुंबांना मदत मिळावी अशी त्यांची मागणी होती. बुडणारा कोणत्या देशाचा आहे, युद्ध चालू आहे की शांतता, हे पाहू नये असेही त्यांनी मांडले. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सर्व जाणतो; त्यातली शिकवण हिलरी यांनी समुद्राला लावली.

आरमारी खात्याने प्रथम लक्ष दिले नाही. हिलरी यांनी चिकाटी सोडली नाही. टॉमस विल्सन हे पार्लमेंटचे सभासद व जॉर्ज हिबर्ट हे व्यापारी यांनी त्यांना साथ दिली. ४ मार्च १८२४ रोजी लंडन टॅव्हर्न येथे सभा भरली. कँटरबरीचे आर्चबिशप मॅनर्स-सटन अध्यक्षस्थानी होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले विल्बरफोर्सही तेथे आले होते. त्या सभेत संस्था स्थापन झाली आणि मृत बचावकर्त्यांच्या विधवा व कुटुंबांना साहाय्य देणे हे तिच्या ठरावांतच लिहिले गेले. पहिल्याच वर्षी सुमारे ९,८०० पौंड वर्गणी जमली. हीच पुढे ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ या नावाने प्रसिद्ध झाली.

हिलरी पत्रक लिहून घरी बसले नाहीत. २० नोव्हेंबर १८३० रोजी ‘सेंट जॉर्ज’ ही टपालाची आगबोट डग्लसच्या बंदरातील खडकावर अडकली. हिलरी तेव्हा साठीला टेकले होते आणि त्यांना पोहता येत नव्हते असे सांगतात. तरी ते लाइफबोटीत बसले. लाटेने त्यांना समुद्रात फेकले, बरगड्या मोडल्या, सोबत्यांनी त्यांना ओढून वर घेतले. शेवटी आगबोटीवरील सर्व २२ जण वाचले आणि वाचवणाऱ्यांपैकीही कोणी दगावले नाही. त्याच खडकावर हिलरी यांच्या प्रयत्नाने १८३२ साली एक बुरूज बांधण्यास आरंभ झाला. फुटलेल्या जहाजावरच्या माणसाला मदत येईपर्यंत तेथे आसरा मिळावा म्हणून तो बांधला. तो बुरूज आजही उभा आहे.

उतारवयात त्यांची तरुणपणची ओढ पुन्हा जागी झाली. संत योहानाच्या संघाचे इंग्लंडात पुनरुज्जीवन होत होते; त्यात ते सामील झाले. पवित्र भूमी या संघाच्या ताब्यात द्यावी अशी एक कल्पनाही त्यांनी छापून मांडली. ती बरी झाली नाही हे उत्तम. पण ज्या संघात ते गेले त्या संघाने पुढे तलवारीचे स्वप्न सोडून शुश्रूषेचा जुना मार्ग धरला. १८७७ साली त्यातून सेंट जॉन अँब्युलन्स निघाली. प्रथमोपचाराचे तिचे वर्ग आपल्या देशातही परिचित आहेत.

हिलरी यांच्याजवळ अखेरीस पैसा उरला नाही. ५ जानेवारी १८४७ रोजी ते वारले. डग्लसच्या सेंट जॉर्ज चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती दिली आहे. तोवर संस्थेची वर्गणीही आटली होती. काम बुडते की काय असे वाटावे अशी ती वेळ होती.

काम बुडाले नाही. डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ या जर्मन जहाजाच्या मदतीला गेलेल्या दोन लाइफबोटींतील २७ माणसे एका रात्रीत बुडाली. मागे १६ विधवा व ५० पोरकी मुले राहिली. बुडालेल्यांपैकी तेरा जण सेंट ॲन्स गावचे होते आणि त्या गावात चार्ल्स मॅकॅरा नावाचे मँचेस्टरचे कापूस गिरणीवाले राहत होते. ज्या मँचेस्टरकडे १८६० च्या दशकात धारवाडचा कापूस जात असे तेच हे शहर. संस्थेचा बराचसा खर्च थोड्या श्रीमंतांच्या देणग्यांवर चालतो हे मॅकॅरा यांनी पाहिले. मग १० ऑक्टोबर १८९१ रोजी मँचेस्टरच्या रस्त्यांतून बँड वाजवीत लाइफबोटी ओढत नेल्या व वाटेतल्या सर्वांपुढे डबे फिरवले. मजुरांनी, मोलकरणींनी, मुलांनी पै-पैसा टाकला. त्या एका दिवशी ५,००० पौंडांहून अधिक जमले. रस्त्यावर डबा फिरवून धर्मकार्यासाठी निधी जमवण्याची चाल तेथून रूढ झाली, असे मानतात.

२०२४ साली संस्थेला दोनशे वर्षे पूर्ण झाली. तोवर तिच्या हातून १,४६,००० हून अधिक जीव वाचले होते.

प्रिय वाचकहो, अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांच्या घरी जाणे हे शुद्ध धर्माचे लक्षण आहे असे याकोबाचे पत्र आपल्याला शिकवते. आपल्याकडे दुःखद घटना घडली की पहिल्या रविवारी दानार्पण होते, दुसऱ्या रविवारी प्रार्थना होते, तिसऱ्या रविवारी विसर पडतो. त्या घरची मुले मात्र दहा वर्षे शाळेत जायची असतात. हिलरी यांचे मोठेपण यात आहे की माणूस होडीत बसण्याआधीच त्याच्या घराची तरतूद झाली पाहिजे असा नियम त्यांनी घालून दिला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या १४ एप्रिलच्या आसपास मुलांना जवळच्या अग्निशमन केंद्रात न्यावे. बंब पाहून मुले हरखतील. मग तेथील जवानांना घरी कोण कोण आहे हे मुलांनीच विचारावे. ती नावे लिहून आणावीत आणि वर्गात त्या नावांनी प्रार्थना करावी. मंडळीने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात अशा घरांसाठी, थोडी का होईना, एक कायमची रक्कम ठेवावी. प्रसंग न येवो. पण आला तर त्या दिवशी डबा शोधत फिरावे लागू नये.