वसई जिंकणारे चिमाजीअप्पा



वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तिथले टेकडीवरचे, किल्ल्यासारख्या तटाचे देऊळ आपल्याच भिवंडी तालुक्यातले. वसई सर व्हावी म्हणून चिमाजीअप्पांनी केलेल्या नवसातून ते उभे राहिले, असे परंपरा सांगते. हे चिमाजीअप्पा कोण, ते आज पाहू या.

पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे ते धाकटे पुत्र, पहिल्या बाजीरावांचे भाऊ. जन्म १७०७ चा. प्रकृती नाजूक. १७३० मध्ये पुत्र सदाशिवरावांच्या जन्मानंतर लवकरच पत्नी रखमाबाई वारल्या. बाजीराव मोहिमेवर असताना पुण्याचा कारभार तेच सांभाळत.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या काळात चर्च उभी राहिली, पण देवळे पाडली गेली, हिंदू रयतेच्या धर्मविधींवर बंधने आली. आपल्या धर्माच्या नावाने हे घडले, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. किल्ल्याला पाण्याचा वेढा, जमिनीकडून वाट एकच. तटाखाली सुरुंग खणले. कित्येकदा सुरुंगाने मराठ्यांचीच माणसे मेली. पोर्तुगीज सेनापती मार्तिन्यू दा सिल्वेरा धारातीर्थी पडले. दोन्हीकडचे हजारो लोक कामी आले. अखेर मे महिन्यात बुरूज फुटला आणि किल्ल्याने शरणागती पत्करली.

इतके रक्त सांडल्यावर सूड घेणे सोपे होते. चिमाजीअप्पांनी तसे केले नाही. तहानुसार पोर्तुगीज सैन्य शस्त्रांसह, मानाने बाहेर पडले. ज्यांना जायचे त्यांना कुटुंबासह जाऊ दिले. राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मुभा मिळाली.

तरी दिवस कठीण होते. अनेक चर्च ओस पडली. वसईच्या घंटा विजयाची खूण म्हणून मेणवली, भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर अशा देवळांत गेल्या. राजा गेला, तोफा गेल्या, पण श्रद्धा राहिली. ती देशी धर्मगुरूंनी आणि घराघरांतल्या आईवडिलांनी जपली.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले. त्याच डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी.

आपली श्रद्धा कोणत्याही तटबंदीवर उभी नाही, हे वसईने आपल्याला शिकवले. जिंकल्यावरही हात आवरता येतो, हे चिमाजीअप्पांनी दाखवले. शेजाऱ्यांशी वागताना आपण दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवू या.