टॅरिफचे कट्टर समर्थक मॅकिन्ले शेवटच्या भाषणात वेगळंच बोलून गेले

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि भाषणात विल्यम मॅकिन्ले यांचं नाव घेतलं. टॅरिफच्या जोरावर देश श्रीमंत करणारा राष्ट्राध्यक्ष, अशी त्यांनी मॅकिन्लेंची ओळख करून दिली. ती अर्धीच होती.

मॅकिन्लेंचा जन्म १८४३ चा, ओहायोतला. वडील लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात. बाहेरचा स्वस्त माल आला की इथल्या कामगाराची चूल विझते, हे मॅकिन्लेंचं ठाम मत. १८७७ मध्ये ते खासदार झाले आणि टॅरिफ हाच त्यांचा विषय बनला.

१८९० मध्ये त्यांच्याच नावाचा कायदा आला. कर लागणाऱ्या मालावरचा सरासरी आयातकर ५० टक्क्यांच्या घरात गेला. डबे, भांडी बनवायला लागणारा टिनचा पत्रा तेव्हा प्रामुख्याने वेल्समधून यायचा. त्यावरचा कर दुपटीहून जास्त झाला. कच्च्या साखरेवरचा कर मात्र काढून टाकला होता, पण तिकडे लक्ष कोण देणार? कायदा ऑक्टोबरमध्ये लागू झाला, निवडणूक नोव्हेंबरमध्ये. दुकानदारांनी भाव आधीच चढवले होते. विरोधकांनी फेरीवाल्यांना हाताशी धरून गावोगाव मुद्दाम महागडी टिनची भांडी विकायला पाठवली, असंही सांगितलं जातं. रिपब्लिकन पक्षाचा धुव्वा उडाला. खुद्द मॅकिन्ले सुमारे ३०० मतांनी पडले. विरोधकांनी मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या, हेही खरं. पण देशभर लोकांना झोंबली ती महागाईच.

पुढे ते ओहायोचे गव्हर्नर झाले आणि १८९६ ला थेट राष्ट्राध्यक्ष. १८९७ मध्ये टॅरिफ पुन्हा वाढवले. पण तोवर चित्र पालटलं होतं. अमेरिकेचे कारखाने देशात खपेल त्याहून जास्त माल काढू लागले होते. तो विकायचा तर परदेशी बाजार हवा, आणि तुम्ही दार लावून घेतलंत तर समोरचा कशाला उघडेल? म्हणून दोन्ही बाजूंनी कर कमी करण्याचे करार त्यांच्या सरकारने फ्रान्ससह काही देशांशी केले.

५ सप्टेंबर १९०१ ला बफेलोच्या प्रदर्शनात त्यांनी हीच भूमिका जाहीरपणे मांडली. व्यापारयुद्धात फायदा नाही, असा त्या भाषणाचा सूर होता. दुसऱ्याच दिवशी तिथेच लिऑन चोल्गोश या अराजकतावाद्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १४ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला.

मंजुरीसाठी पाठवलेले ते करार सिनेटमध्ये पडून राहिले. तिथे बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं.